तीन ठोके

सिंदी मेघे,
९ जुलै २०२५

मोहिनीताई,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला इकडे सगळं कुशल आहे असं लिहायचं असतं, म्हणून तेवढं आधी लिहून टाकते. बाकीचं खाली आहे.

हातात मोबाईल असताना ही बाई कागद का खरडत बसली, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर मला मोकळं बोलता येत नाही. आईंचा पलंग आता समोरच्या खोलीत टाकलाय, आणि त्यांना ऐकू सगळं येतं, कळतंही सगळं, फक्त बोलता येत नाही. त्यांच्याबद्दल त्यांच्या देखत काय बोलणार? शेजारचे गजेंद्रभाऊजी पुण्याला निघालेत, त्यांच्या हाती हे पाकीट आणि गोरसपाक बिस्किटांचे पुडे देतेय. गोरसपाक लवकर संपवा, या हवेत मऊ पडतो.

सचिन ठीक आहेत. सकाळी सेलूला दुकानावर जातात ते संध्याकाळीच येतात. पेरण्यांचे दिवस, त्यामुळे बियाणं आणि खतं यांतून त्यांना मान वर करायला फुरसत नाही. आल्या आल्या आईंच्या खोलीत डोकावतात, ‘बरी आहेस ना आई?’ असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता हात धुवायला जातात. उत्तर येणार नाही हे त्यांनी फार लवकर मान्य करून टाकलं. पुरुषांचं बरं असतं.

आता आईंचं. मे महिन्यात झटका आला तेव्हा तुम्ही येऊन गेलातच. उजवा हात अजून उचलता येत नाही. पाय थोडा टेकवतात. वाचा मात्र गेली ती गेलीच आहे. सावंगीच्या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक मयुरी मॅडम आहेत, तरुण आहेत, फार गोड बोलतात. त्या म्हणाल्या, शब्द आत आहेत, वाट बंद झालीय. पहिले काही महिने महत्त्वाचे, जे परत यायचं ते बहुतेक आत्ताच येईल. घाई करायची नाही, चुका काढायच्या नाहीत, काही मागितलं तर अडवून धरायचं नाही. आणि लहानपणापासूनची जी भाषा असेल तिच्यातूनच सुरुवात करायची.

मग त्यांनी विचारलं, “आजींची भाषा कोणती?”

सचिन छाती फुगवून म्हणाले, “माझी आई इंग्रजीची शिक्षिका होती. आमच्या घरात इंग्लिश आणि शुद्ध मराठी. मले-तुले आमच्याकडे चालत नाही.”

मॅडमनी मान हलवली आणि तशी चित्रांची कार्डं काढली. मी बाजूलाच उभी होते, आईंची पर्स धरून. मला कोणी काही विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही.

तर शिकवणी आता मी माझ्याकडे घेतली आहे. इंग्रजीची. तुम्ही हसाल, पण बाई कोणाच्या हाताखाली तयार झाली ते विसरू नका. पद्धतही आईंचीच ठेवलीय. तुम्ही तर त्यातच वाढलात. एक ठोका म्हणजे व्हर्ब, काय करते? दोन ठोके म्हणजे अ‍ॅडव्हर्ब, कसं करते? तीन ठोके म्हणजे अ‍ॅडजेक्टिव्ह, कशी आहे? शाळेत डस्टरने आणि घरी चमच्याने. सेलूच्या शाळेतली पोरं म्हणे ठोका ऐकला की घाम पुसत उभी राहायची. मी लग्न करून आले तेव्हा मला वाटलं, सासूबाई ताल धरतायत.

तुम्हाला माझी पहिली संक्रांत आठवते? हळदीकुंकवाला ही एवढी बायकांची गर्दी. सगळ्या म्हणाल्या, नव्या सुनेने नाव घ्यावं. मी घरून चांगला उखाणा पाठ करून आले होते. आई म्हणाल्या, “इंग्लिशमध्ये घे. तिन्ही आले पाहिजेत.” मी बी.ए. होते, पण मराठीतून, आणि नागपूरच्या बाजूच्या खेड्यातून. तोंडातून काय निघालं मला आठवत नाही, हशा मात्र आठवतो. मग आईंनी वाणाच्या ताटावर तीन ठोके दिले आणि म्हणाल्या, “काजल इज अ... गर्ल. भरा गं कोणीतरी रिकामी जागा.” कोणी स्लो म्हटलं, कोणी डल. तुम्ही म्हणालात, रॉ. सगळ्यात छान शब्द तुमचाच होता ताई. मला दुसऱ्या दिवशी डिक्शनरीत पाहावा लागला. कच्ची.

असो, जुन्या गमती. तुम्ही तुमची रजा वाया घालवू नका, दिवाळीला सावकाश या. आईंची काळजी नसावी. त्यांना मी त्यांच्याच शिस्तीत ठेवलंय.

तुमची वहिनी,
काजल

————

सिंदी मेघे,
२६ ऑगस्ट २०२५

मोहिनीताई,

तुमचं कुरियर मिळालं. आईंचे गाऊन मापाचे आहेत. उद्या गणपती बसतील, त्याच्या आत लिहून घेते, मग पाहुण्यांत वेळ मिळायचा नाही. परवा तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारात आली होती. आईंनी डाव्या हाताने त्यांना पैसे दिले आणि एका पोराच्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. आईंना असं काही करताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते आवडलं नाही.

व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आई कॅमेऱ्याकडे का बघत नाही, सारखी तुझ्याकडे का बघते. मी म्हणाले, सवय झाली हो माझी. तुम्हीही म्हणालात, किती जीव लावलास गं. ताई, त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या हातात चमचा होता, त्याच्याकडे बघत होत्या.

आमचा वर्ग सचिन गेल्यावर भरतो. मी चहा करते, आईंसाठी कपात ओतते आणि त्यांच्या समोर धरते. एक ठोका. आता सांगा, काजलने काय करायचं? गिव्ह म्हणा, पोअर म्हणा, ब्रिंग म्हणा, मी एवढी कडक नाही, कुठलंही व्हर्ब चालेल. त्यांचं तोंड उघडतं. ओठ जुळतात. गळ्याची शीर फुगते. ‘ग’ येतो, पुन्हा ‘ग’ येतो आणि तिथेच अडकतो. मग डोळ्यांत पाणी. चहावर साय धरते. मी कप खाली ठेवते, त्या ठेवायच्या तसाच, बशीचा आवाज होईल असा. या घरात मला पहिली दोन वर्षं असाच चहा मिळाला हे तुमच्या भावाला आजही माहीत नाही. पूर्ण वाक्यात मागितल्याशिवाय कप सरकायचा नाही. ‘क्विकली’ की ‘क्विक’ एवढ्यावरून मी ओट्याशी उभी राहायची आणि आई पेपर वाचत बसायच्या.

तुम्ही घाबरू नका, मी उपाशी ठेवत नाही. शेवटी देतेच. थंड झाल्यावर.

त्या बोलायला लागाव्यात असं मला वाटत नाही का, असं तुम्ही विचाराल. वाटतं ना. पण त्यांनी माझ्यासमोर चुकावं असं त्याहून जास्त वाटतं. रोज सकाळी उठल्यावर मला त्याची ओढ असते. भाजी काय करायची हे नंतर आठवतं, हे आधी. लिहून टाकलं एकदाचं.

सावंगीला नेणं मी थांबवलंय. ऑटोत चढवा, उतरवा, माझी कंबर धरते. सचिनना सांगितलं की मॅडम म्हणाल्या, आता घरीच करा. मॅडम तसं म्हणाल्या नव्हत्या. त्यांचे फोन येतात, मी उचलत नाही. सचिन उलट खूश आहेत. परवा जेवताना म्हणाले, “आईची विद्या आईच्याच कामी येऊन राह्यली पाय.” दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्यांच्या तोंडी हे येतं आता. पूर्वी आईंनी ताट आपटलं असतं. आई नुसत्या बघत राहिल्या.

एक देवकाबाईच तेवढी माझ्या डोक्याला ताप आहे. भांड्याला येते ती, आणि आईंना अंघोळ घालायला हात लावते. ती मधेच उठून येते, कप उचलते आणि आईंच्या ओठाला लावते. मी रागावले तर मलाच म्हणते, “काऊन छळून राह्यली वो म्हातारीले? तिले तहान लागली, तुले दिसून नाई राह्यलं काय?”

मी म्हटलं, “हा डॉक्टरांचा अभ्यास आहे. तुम्हाला त्यातलं कळत नाही.”

“मले अभ्यास नाई कळत,” ती म्हणाली, “पण तू हासून राह्यलती, ते दिसलं मले.”

मी हसत नव्हते ताई. निदान मला तसं माहीत नव्हतं.

तुम्हाला माझ्या इंटरव्ह्यूची गोष्ट कधी कोणी सांगितली का? नसेल. लग्नानंतर काही वर्षांनी इथल्या एका लहान मुलांच्या शाळेत जागा निघाली होती, नर्सरीसाठी. मी चोरून तयारी केली. स्वयंपाक करताना फडताळाच्या आत चिठ्ठ्या चिकटवल्या, अंगणात धुणं वाळत घालताना शब्द म्हटले. मुलांना गाणी शिकवायची, रंग शिकवायचे, मला जमलं असतं. आईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “चल, मी येते सोबत, ओळख आहे माझी.” मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाया पडले. तिथे त्या हेडबाईंच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या. हेडबाईंनी माझं नाव, गाव विचारलं, मी बरी उत्तरं दिली. मग आईंनी विचारलं, “मी एक विचारू?” आणि टेबलावर बोटाने एक ठोका दिला.

मला सगळं येत होतं. शब्द इथे होता, जिभेच्या टोकावर. तो बाहेर आला नाही. आईंनी दुसरा ठोका दिला, मग तिसरा. हेडबाई माझ्याकडे बघत होत्या, शिपाई पाणी घेऊन दारात थांबला होता. शेवटी आई उठल्या आणि म्हणाल्या, “मी तुमचा वेळ वाचवला.” येताना ऑटोत त्यांनी मला बोरं घेऊन दिली.

तेव्हा शब्द आत असतो आणि वाट बंद असते म्हणजे काय, हे मला मयुरी मॅडमनी समजावून सांगायची गरज नव्हती. मला ते घरातल्या सगळ्यांपेक्षा चांगलं कळतं. म्हणूनच कुठे दुखेल तेही कळतं.

हे पत्र फाडून टाका, किंवा ठेवा, जसं वाटेल तसं. गणपतीत आईंना फोन कराल तेव्हा मोठ्याने बोलू नका, त्यांचे कान शाबूत आहेत.

पाहुण्यांना माझी ओळख करून देताना त्या म्हणायच्या, ही आमची हेल्पिंग व्हर्ब, एकटीला काही अर्थ नाही. तीच,
काजल

————

सिंदी मेघे,
७ ऑक्टोबर २०२५

मोहिनीताई,

दसऱ्याचं सोनं पाकिटात घातलंय, पोचेपर्यंत वाळेल. पोस्टाने पाठवतेय, गजेंद्रभाऊजींच्या हाती हे द्यायची हिंमत झाली नाही.

आई बोलल्या.

फोनवर मी हे तुम्हाला सांगितलं नाही. सचिननाही सांगितलं नाही. आधी एक मागचं सांगते, त्याशिवाय तुम्हाला समजायचं नाही.

तुमचे तानबामामा होते ना, आईंचे थोरले भाऊ, गावाकडे शेती करायचे. ते गेले त्याच्या आधीची गोष्ट. आई स्वयंपाकघराचं दार लावून त्यांना फोन करायच्या. तुम्हा भावंडांना वाटायचं मामांना कमी ऐकू येतं, म्हणून दार लावून ओरडून बोलते. मी एकदा मागच्या अंगणात धुणं पिळत होते, खिडकी उघडी होती. आई म्हणत होत्या, “जेवला काऊन नाई रे दादा? मले फिकर लागून राह्यते तुई. उद्या येजो, मी झुणका करून ठेवतो तुह्यासाठी.” आवाजच वेगळा होता. हलका, जरा लाडिक. मी पिळलेलं लुगडं तसंच धरून ऐकत राहिले. माझी आई अशीच बोलते. मी अशीच बोलायची, या घरात येईपर्यंत. पहिल्या आठवड्यात मी ‘मले नाई माईत’ म्हणाले आणि आईंनी मला दोन दिवस घरात कोणाशी बोलू दिलं नाही.

मयुरी मॅडमनी भाषा विचारली, सचिननी ते उत्तर दिलं, आणि मी पर्स धरून उभी होते. मला माहीत होतं. या घरात फक्त मलाच माहीत होतं. तुम्ही आणि तुमचे भाऊ खोटं बोलला नाहीत, तुम्हाला तीच भाषा तुमच्या आईची वाटते. मी मात्र समजून उमजून गप्प राहिले, आणि वर इंग्रजीची शिकवणी लावली. जूनपासून आत्तापर्यंत.

काल दुपारची गोष्ट. ऊन कडक होतं, आईंना तहान लागली होती, त्या स्टुलावरच्या तांब्याकडे बघत होत्या. मी ग्लास भरला आणि समोर उभी राहिले. एक ठोका दिला. त्यांनी प्रयत्नच केला नाही. डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आज हट्ट आहे वाटतं. मी पुन्हा ठोका दिला. आणि डोळे मिटलेलेच असताना त्या बोलल्या. स्पष्ट, एकही अक्षर न अडखळता, त्या खिडकीतून ऐकलेल्या आवाजात.

“पानी देजो वो माय.”

देवकाबाई मोरीतून ओल्या हातांनी पळत आली. “बोलली! बाई बोलली वो!” म्हणून आईंच्या पायाशी बसली आणि त्यांचे पाय दाबायला लागली. आईंनी डोळे उघडले. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं होतं. त्या हसल्या, अर्ध्याच तोंडाने, दुसरं अर्धं अजून ओढलेलं आहे. माझ्याकडे बघून हसल्या, आणि हात पुढे केला.

मी म्हणाले, “इन इंग्लिश, प्लीज.”

मी हे रागात म्हणाले नाही, ताई. शांतपणे म्हणाले. त्या म्हणायच्या तसंच म्हणाले, शेवटचा शब्द जरा लांबवून. ग्लास माझ्या हातातच होता.

त्यांचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ तसंच राहिलं आणि मग गेलं. पुढे केलेला डावा हात त्यांनी मागे घेतला, पलंगाच्या लोखंडी पाइपावर ठेवला, आणि अंगठीने ठोकलं. एक. दोन. तीन. माझ्या डोळ्यांत बघत. मग थांबल्या, उत्तराची वाट बघत, वर्गात थांबायच्या तशा.

तीन ठोक्यांचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. कशी आहे?

त्या इंटरव्ह्यूसारखीच मी उभी राहिले. पाणी दिलं मी त्यांना. पण लगेच नाही.

देवकाबाईने हात पुसले आणि म्हणाली, “मी नाई येत उद्यापासून. माह्याच्यानं नाई पाहवत.” पदर खोचत निघून गेली. आज खरंच आली नाही.

आई तेव्हापासून काही बोलल्या नाहीत. तोंड भिंतीकडे करून पडून असतात. मी खोलीत गेले की पाइपावर तीन ठोके पडतात. जेवण नेलं की तीन, औषध नेलं की तीन, कपडे बदलताना तीन. सचिन म्हणाले, आईला तिची शाळा आठवते वाटतं. मी हो म्हणाले.

आज सकाळी मी मयुरी मॅडमचा फोन उचलला. सगळं नाही, पण भाषेचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “हे सुरुवातीला कळलं असतं तर फार बरं झालं असतं. चांगला काळ बराच गेला. पण एक वाक्य आलंय, म्हणजे अजून आहे काही. घरात ती बोली बोलणारं कोणी आहे का? रोज जवळ बसून, प्रेमाने बोलणारं?”

आहे. मीच आहे. तुम्हाला ती येत नाही, सचिनना दुकानापुरती येते, मामा राहिले नाहीत. मी आत्ता उठून आईंच्या जवळ बसले आणि म्हणाले, “काय झालं वो, पाय दुखून राह्यले काय?” तर कदाचित त्या बोलतील. मला माहीत आहे की बोलतील. आणि मी उठत नाही. आज दिवसभर मी दाराशी जाऊन परत येतेय. माझ्या तोंडातून जी भाषा त्यांनी काढून घेतली, ती त्यांच्या तोंडात घास भरवावा तशी मी भरवायची, एवढं मोठं मन माझ्याजवळ नाही. मला त्यांची दया येते. पण ती पुरत नाही.

म्हणून दिवाळीची वाट बघू नका. या, आणि त्यांना घेऊन जा. गावाकडची एखादी बाई सोबत न्या, देवकाबाईला विचारा, ती तुमच्यासोबत पुण्यालाही येईल, फक्त माझ्या हाताखाली राहणार नाही. उशीर केलात तर मी तीच वर्ग भरवणारी बाई राहीन आणि आई कायमच्या मुक्या होतील. हे मी तुम्हाला धमकी म्हणून लिहीत नाही. मी स्वतःला ओळखते, म्हणून लिहिते. हे पत्र तुमच्या भावाला दाखवायचं असेल तर दाखवा.

आत्ता लिहिताना पलीकडून ठोके ऐकू आले. माझी चाहूल लागली असेल. मला त्याचं उत्तर देता येत नाही. तुम्हाला येईल. त्या संक्रांतीला तुम्ही एका शब्दात दिलं होतंत, आणि तेव्हा तर तुम्ही मला नीट ओळखतही नव्हता. आता माझी तिन्ही पत्रं तुमच्यासमोर आहेत. जागा सोडली आहे, तुम्हीच भरा.

तुमची ................ वहिनी,
काजल